नर्सिंगची पदवी आणि एक पृथ्वीप्रदक्षिणा

न्यू जर्सीतल्या साउथ ब्रन्सविकहून फिलाडेल्फियातल्या एखाद्या नर्सिंग कॉलेजात जायचं, तर घर कुठल्या टोकाला आहे त्यावर पन्नास-पंचावन्न मैल पडतात. आपण ५२ धरू. जायचे ५२, यायचे ५२, म्हणजे दिवसाला १०४. आठवड्यातून चार दिवस, आणि सुट्ट्या वगळून ६० आठवडे. गुणाकार केला की येतात २४,९६० मैल. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर आहे २४,९०१ मैल. म्हणजे पंधरा महिन्यांचा कोर्स संपेपर्यंत अशी ये-जा करणारी बाई पृथ्वीला एक पूर्ण फेरी मारून वर ५९ मैल पुढे गेलेली असते. किलोमीटरमध्ये सांगायचं तर ४०,१६९. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या ५७ खेपा. एका वर्गात अशा लांबून येणाऱ्या ५० जणी असल्या, तर सगळ्यांचे मिळून साडेबारा लाख मैल होतात. तेवढ्यात चंद्रावर जाऊन परत येणं दोनदा होतं आणि तिसऱ्यांदा चंद्र गाठून परतीची वाटही धरलेली असते.

हा कोर्स म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन. दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी आधीच हातात असलेल्यांसाठी अमेरिकेत नर्सिंगच्या पदवीचा हा जलद रस्ता. १९७१ साली सेंट लुइस युनिव्हर्सिटीने तो पहिल्यांदा काढला; आज देशभरात असे तीनशेहून जास्त कोर्स आहेत. मुदत साधारण ११ ते १८ महिने. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेलचा तर ११ महिन्यांत आटोपतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत याची चर्चा आता नवी राहिलेली नाही. नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली, पुण्याची किंवा नाशिकची पदवी घेतलेली, मुलं जरा मोठी झालेली बाई आयटीकडे एक नजर टाकते, तिथली कपात बघते आणि नर्सिंगकडे वळते. बी.कॉम.ची तीन वर्षांची पदवी काही कॉलेजांना चालते, काहींना चालत नाही. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र, आहारशास्त्र असे पूर्वअट म्हणून लागणारे विषय एडिसनच्या मिडलसेक्स कॉलेजसारख्या ठिकाणी स्वस्तात उरकता येतात. ते झालं की मग खरा प्रश्न येतो: जवळचं की लांबचं, स्वस्त की महाग?

अशाच एका ओळखीच्या बाईंनी मला त्यांची एक्सेल शीट दाखवली. मोठी काटेकोर होती. ट्यूशन, लॅबची फी, पुस्तकं, दोन रंगांचे स्क्रब, स्टेथोस्कोप, लसीकरणाचे दाखले, पार्श्वभूमी तपासणी, एवढंच काय, पांढऱ्या बुटांचीसुद्धा वेगळी ओळ. आणि तळाला गॅस: २,६६२ डॉलर. गॅलनला ३० मैलांचा अ‍ॅव्हरेज, गॅलनचे ३ डॉलर २० सेंट. गणित बिनचूक. "प्रवासाचे अडीच-पावणेतीन हजार, ते मी धरलेत," त्या म्हणाल्या.

त्या आकड्याशीच आपण जरा थांबू. गाडी चालवण्याचा मैलामागचा खर्च अमेरिकेचं आयकर खातं दरवर्षी जाहीर करतं. २०२५ साठी धंद्याच्या प्रवासाचा दर होता मैलाला ७० सेंट. त्यात इंधन, दुरुस्ती, टायर, विमा आणि गाडीची घसरणारी किंमत, सगळं येतं. २४,९६० मैलांचे १७,४७२ डॉलर होतात. कोणी म्हणेल, विमा मी एरवीही भरतेच, गाडी दारात उभी राहिली तरी तिची किंमत घसरतेच. बरोबर आहे. त्याच खात्याचा २०२५ चा दुसरा एक दर होता, दवाखान्यात जाण्यायेण्यासाठीचा, तो फक्त चालवण्यामुळे वाढणाऱ्या खर्चावर बेतलेला: २१ सेंट. त्याने ५,२४२ डॉलर येतात. खरा खर्च या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार, आणि गाडी जितकी नवी तितका वरच्या आकड्याकडे सरकणार, कारण सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला साधारण साडेतेरा हजार मैल चालवतो आणि इथे सव्वा वर्षात पंचवीस हजार चढतात. पण कुठल्याही हिशेबाने तो २,६६२ नाही. शिवाय टोल नि पार्किंग या दरांत धरत नाहीत. डेलावेअर नदीवरच्या बेंजामिन फ्रँकलिन पुलाचा टोल कारला ६ डॉलर आहे, तोही फक्त फिलाडेल्फियात शिरताना. २४० खेपांचे १,४४०. टर्नपाइक महामार्गाचा टोल आणखी वेगळा. आणि शिक्षणासाठी केलेली ही रोजची ये-जा करात कुठे वजा होईल, ही आशा सोडलेली बरी.

आता ट्यूशन. या कोर्सची फी कुठे तीस हजार तर कुठे त्याच्या दुप्पट-अडीचपट असते. ६०,००० धरले तर रुपयांत अर्ध्या कोटीच्या वर जातात, म्हणून आईवडिलांना फोनवर सांगताना बहुतेक जण डॉलरमध्येच सांगतात. सात टक्क्यांनी दहा वर्षांसाठी ते कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता ६९७ डॉलर, आणि फेड होईपर्यंत भरलेले एकूण ८३,६०० च्या घरात. साडेतेवीस हजारांहून जास्त नुसतं व्याज. पदवी आधीच असल्यामुळे पेल ग्रँट ही सरकारी मदत मिळत नाही, ती पहिल्या पदवीवाल्यांसाठी असते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर सरकारी कर्ज मिळतं, पण तेही आईवडिलांवर अवलंबून नसलेल्या पदवी विद्यार्थ्याला वर्षाला १२,५०० आणि आयुष्यभरात ५७,५०० इतकंच, ज्यात पहिल्या पदवीसाठी तिथे काढलेलं कर्जही मोजलं जातं. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असाल तर तेही नाही. मग खासगी कर्ज, आणि त्यावर सही करायला कोणी ग्रीन कार्डवाला ओळखीचा.

इथपर्यंतचे आकडे मोठे असले तरी ओळखीचे आहेत. ज्याने डोकं गरगरतं तो आकडा वेगळाच आहे, आणि तो त्या एक्सेलमध्ये नव्हता.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याप्रमाणे मे २०२४ मध्ये नोंदणीकृत नर्सचं मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होतं. बाराने भागलं की महिन्याला बरोबर ७,८००. म्हणजे नर्स व्हायला जितके महिने उशीर, तितके सात हजार आठशे. आता दोन कॉलेजं शेजारी मांडून बघा. दोन्ही पंधरा महिन्यांची, हिशेबापुरती कल्पिलेली. एक जवळचं, १५ मैलांवर, फी ३२,०००, पण वर्षातून एकदाच प्रवेश. यंदाची तारीख हुकली म्हणून आठ महिने थांबायचं. दुसरं ते ५२ मैलांवरचं, फी ६०,०००, पण वर्षातून तीन बॅच, पुढच्याच महिन्यात सुरू. फीतला फरक २८,०००. प्रवास नि पुलाचा टोल मिळून लांबच्याचे १८,९१२. जवळच्याचा प्रवास ७,२०० मैलांचा, त्याचे ५,०४०. म्हणजे प्रवासातला फरक १३,८७२. सगळं मिळून लांबचं कॉलेज ४१,८७२ डॉलरनी महाग. आठ महिने थांबण्याची किंमत? ७,८०० गुणिले ८, म्हणजे ६२,४००. आणि मग स्वस्त, जवळचं, शहाणपणाचं वाटणारं कॉलेज वीस हजारांनी महाग ठरतं.

पण एवढ्यावर उठून अर्ज भरायला बसू नये. नुकत्याच पास झालेल्या नर्सला मध्यम वेतन कोण देतो? त्याच खात्याच्या आकड्यांत तळाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे ६६,०३०. सुरुवातीला तेवढंच मिळेल असं सावधपणे धरलं तर आठ महिन्यांचे होतात ४४,०२०. लांबच्या कॉलेजचा जादा खर्च ४१,८७२. फरक उरतो २,१४८ डॉलर, आणि पगारातून कर कापला की पारडं उलटं फिरतं. त्या आठ महिन्यांत ती बाई दुकानात किंवा डे-केअरमध्ये काही कमवत असेल, तर ते आणखी उलटं. आणि तिच्याकडे कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, नसेलच तर?

तर सात हजार आठशेच्या जागी शून्य येतो. २०१५ पासून एच-४ वाल्यांना ईएडी मिळू लागला, पण नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेली असली तरच. त्यानंतरची रांग तर विचारूच नका: २०२५ मध्ये नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या रांगेत ज्या भारतीयांची पाळी येत होती, त्यांतल्या बहुतेकांनी २०१२-१३ साली अर्ज केले होते. नर्सना अमेरिकन सरकारने कामगार प्रमाणपत्राच्या कटकटीतून सूट दिली आहे खरी, पण सूट मिळून माणूस उभा राहतो तो त्याच रांगेत. तेव्हा परवाना नसलेल्या बाईने ६०,००० भरून, पृथ्वीला वळसा घालून घाईघाईने नर्सिंगची पदवी घेणं म्हणजे बंद दुकानासमोर पहाटे चारला नंबर लावणं. तिने खुशाल थांबावं, जवळचं स्वस्त कॉलेज धरावं, सावकाशीचा कोर्स असेल तर तोही. तेच दोन कॉलेजचे पर्याय, तेच मैल, तीच फी, आणि एका कागदाच्या तुकड्यावरून उत्तर साठ हजारांनी इकडचं तिकडे होतं. अमेरिकेतले सल्लागार या कोर्सबद्दल रकानेच्या रकाने लिहितात. हा तुकडा त्यांच्या खिजगणतीत नसतो, कारण त्यांच्या वाचकांना तो लागत नाही.

मुळात हे असं लांब जायची वेळ का येते? अमेरिकेत नर्स कमी आहेत म्हणून रोज ओरड चालते. २०२४ ते २०३४ या दशकात दरवर्षी सरासरी १,८९,१०० जागा निघतील असा त्याच सांख्यिकी खात्याचा अंदाज आहे. आणि दुसरीकडे एकट्या २०२३ मध्ये नर्सिंगच्या पदवी आणि पदव्युत्तर कोर्सेसनी पात्र असलेले ६५,७६६ अर्ज परत पाठवले. अर्ज, माणसं नव्हेत. एकच बाई पाच ठिकाणी अर्ज करते. तरी आकडा केवढा! कारणं ठरलेली: शिकवायला माणसं नाहीत (पीएच.डी. झालेल्या प्राध्यापिकेपेक्षा वॉर्डातली अनुभवी नर्स बऱ्याचदा जास्त कमावते, मग शिकवायला जाईल कोण?), प्रात्यक्षिकाला रुग्णालयांत जागा नाहीत, वर्ग पुरत नाहीत. त्यामुळे "कुठलं निवडू?" हा प्रश्न पुष्कळदा "कुठे मिळालं?" यावरच सुटतो, आणि मिळालेलं ५२ मैलांवर असतं.

आता वेळ. एका बाजूला सव्वा तास धरला तर २४० दिवसांचे ६०० तास होतात. पंचवीस अहोरात्र, नुसत्या स्टिअरिंगमागे. कॅलिफोर्नियात नर्सिंगच्या विद्यार्थ्याला पास होण्याआधी रुग्णाच्या प्रत्यक्ष सेवेचे किमान ५०० तास भरावे लागतात. तोच हिशेब लावला तर ही बाई रुग्णाजवळ जितकी उभी राहील त्यापेक्षा जास्त वेळ दुसऱ्याच्या ब्रेक लाइटकडे बघत बसेल. नर्सच्या परवान्यासाठीची शेवटची एनक्लेक्स परीक्षा कमीत कमी ८५ प्रश्नांत आटोपते. एका प्रश्नामागे २९४ मैल पडतात.

अभ्यासाचाही हिशेब आहे. अमेरिकन पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे पंधरा आठवडे, दर आठवड्याला वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान तीन तास. म्हणजे ४५ तास. साठ क्रेडिटचे २,७००. साठ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४५. त्यात प्रवासाचे १० मिळवा: ५५. आठवड्यात तास असतात १६८. रोज सात तास झोप म्हणजे ४९. उरले ६४. वा, दिवसाला नऊ तास मोकळे! कागदावर सगळं कसं छान बसतं.

सरासरी अशीच फसवते. क्लिनिकलचा, म्हणजे रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकाचा, एक दिवस घ्या. ड्यूटी सकाळी सातला सुरू, पण पावणेसातला वॉर्डात हजर राहायचं असतं, रात्रपाळीवाल्यांकडून रुग्णांची माहिती घ्यायला. म्हणजे सव्वापाचला गाडी निघाली पाहिजे, आणि उठायचं साडेचारला. डबा रात्रीच भरून ठेवलेला. बारा तास पायांवर. संध्याकाळी साडेसातला सुटका, पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत पावणेआठ, घरी नऊ. मुलं झोपलेली किंवा मुद्दाम जागी राहिलेली. अंघोळ, जेवण, आणि दुसऱ्या दिवशी जमा करायचा केअर प्लॅन: रुग्णाची औषधं, मात्रा, तपासण्या, काय दिसलं, काय केलं. पाठ टेकायला अकरा. पुन्हा साडेचारला गजर. झोप साडेपाच तास.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सुरक्षा प्रतिष्ठानने २०१६ मध्ये अपघातांची तपासणी करून काढलेले आकडे असे: सात किंवा अधिक तास झोपलेल्यांच्या तुलनेत पाच ते सहा तास झोपलेल्या चालकाचा अपघात होण्याचं प्रमाण १.९ पट, चार ते पाच तासवाल्यांचं ४.३ पट. केअर प्लॅन तासभर लांबला की १.९ चे ४.३ होतात. पृथ्वीप्रदक्षिणेतल्या सगळ्यात महाग मैलांची किंमत ७० सेंटांच्या दरात नाही, ती इथे आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत रस्त्यावर ४०,९०१ माणसं मेली; दहा कोटी वाहन-मैलांमागे १.२६. पंचवीस हजार मैलांना हे ढोबळ प्रमाण लावलं तर सुमारे ३,२०० त एक येतं, तेही पुरेशी झोप झालेले, दिवसाउजेडी चालवणारे, असे सगळे चालक धरून.

आणि ५२ मैल हे तरी कॉलेजपर्यंतचे. क्लिनिकल कॉलेजात होत नाही, ते रुग्णालयात होतं, आणि कोणतं रुग्णालय हे सत्र सुरू होण्याच्या जेमतेम आधी कळतं. ते कॉलेजच्या पलीकडे वीस मैलांवर निघालं, तर त्या दिवसाचे चाळीस मैल वाढले. आठवड्यातून एकदाच जरी म्हटलं तरी साठ आठवड्यांत २,४०० मैल. "सगळं ऑनलाइन, फक्त लॅब आणि क्लिनिकलला या" असं सांगणाऱ्या कोर्सच्या बाबतीत तर पहिला प्रश्न हाच विचारावा: गेल्या दोन बॅचच्या मुली कुठल्या कुठल्या रुग्णालयांत गेल्या, त्यांचे पत्ते द्या. पत्ते देताना जे कॉलेज आढेवेढे घेतं, तिथे मी तरी अनामत रक्कम भरणार नाही.

या रोजच्या प्रवासावर एक उपाय आकड्यांत मला फार आवडला. फिलाडेल्फियात एक खोली भाड्याने घ्यायची, महिना ९०० डॉलर धरू. पंधरा महिन्यांचे १३,५००. आठवड्यातून एकदाच जायचं, तीन रात्री राहायचं, चौथ्या दिवशी संध्याकाळी परत. चार खेपांची एक होते. वाचतात १८,७२० मैल, त्यांचे १३,१०४, आणि टोलचे १,०८०. बेरीज १४,१८४. म्हणजे शहरातलं बसभाडं बाजूला ठेवलं तर खोली ६८४ डॉलरनी स्वस्तच पडते, आणि वर ४५० तास हातात येतात. सहा तासांच्या हिशेबाने ७५ रात्रींची झोप.

मी हे त्या एक्सेलवाल्या बाईंना सांगितलं. त्यांनी आकडे तपासले, एक चूक काढता येते का ते पाहिलं, निघाली नाही. मग म्हणाल्या, "तीन रात्री घरी कोण? ह्यांना ऑफिस, धाकटी पाच वर्षांची."

त्याचंही गणित न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी घरात तोंडपाठ असतं. भारतातून आलेल्या आजीला व्हिजिटर व्हिसावर बहुधा एका वेळी सहा महिने राहता येतं. पंधरा महिन्यांच्या कोर्सला आई सहा महिने, सासूबाई सहा महिने, आणि वरचे तीन महिने उघडे पडतात. नेमके शेवटच्या सत्राचे, जेव्हा बारा तासांच्या ड्यूट्या लागोपाठ असतात. अकरा महिन्यांचा कोर्स मात्र दोन आज्यांत बसतो, एक महिना हाताशी ठेवून. त्यांनी एक्सेलमध्ये नवीन ओळ घातली, विमानाची तिकिटं, आणि सासूबाईंना आधी बोलवायचं की आईला, यावर आमचं बोलणं बराच वेळ चाललं.